हळद, कुंकू आणि पॉल एर्लिख

सुरुवातीलाच माफी मागते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं गणित एम-थ्रीपेक्षा अवघड जातं. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण तो केममध्ये सुरू होतो.

केम हे करमाळा तालुक्यातलं गाव, कुंकवासाठी प्रसिद्ध. आत्याचं घर तिथे. लहानपणी तिने हळदीत चुना कालवून दाखवला होता. पिवळी हळद बघता बघता लाल! मला ती जादू वाटली. गेल्या वर्षी आत्याच्या मुलाचा, म्हणजे दादाचा, ताप महिनाभर उतरेना. शेवटी रक्ताचा कॅन्सर निघाला. नमुना फ्लो सायटोमेट्रीला गेला आणि रिपोर्टवर सीडी १९ पॉझिटिव्ह वगैरे आलं. इंजिनिअर होणार म्हणून घरच्यांनी तो माझ्याच हातात दिला. मला काडीचंही कळलं नाही. मग वाचत सुटले, आणि भेटला पॉल एर्लिख.

जन्म १८५४, श्ट्रेलेन गावचा. ते तेव्हा जर्मनीकडे होतं, आता पोलंडमध्ये आहे. त्या काळात डांबरापासून कृत्रिम रंग बनवायचे कारखाने निघत होते. ते कापडासाठी! या पठ्ठ्याने ते पेशींवर टाकले. मेडिकलला असताना अभ्यास कमी आणि रंगांचे उद्योग जास्त. १८७८ मध्ये लाइपझिगला त्याने प्रबंध दिला, तोही रंगांवरच.

त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक रंग प्रत्येक पेशी घेत नाही. इओसिन नावाचा आम्लधर्मी रंग काही पांढऱ्या पेशींतले कणच पकडतो. त्या झाल्या इओसिनोफिल. अल्कधर्मी रंग घेणाऱ्या बेसोफिल, आणि दोन्हींच्या मिश्रणाने रंगणाऱ्या न्यूट्रोफिल. हॉस्टेलमध्ये ताप आला की आपण जो सीबीसी करतो, त्यातली ही नावं म्हणजे रंगांची नावं आहेत, हे मला तरी माहीत नव्हतं.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू दाखवला. एर्लिखने लगेच तो रंगवायची अधिक चांगली पद्धत काढली. पुढे काही वर्षांनी त्याच पद्धतीने त्याच्या स्वतःच्या थुंकीत टीबी सापडला! बायकोला, हेडविगला, घेऊन तो इजिप्तच्या कोरड्या हवेत राहिला आणि १८८९ मध्ये बरा होऊन परतला. मला हा माणूस इथेच आवडला. आजारातून उठून तो परत त्याच प्रश्नाकडे गेला: रंग नेमका एकाच गोष्टीला का चिकटतो?

१८९७ मध्ये त्याने उत्तर मांडलं. पेशीवर हुका असतात, विषाचा रेणू त्यांत अडकतो, मग पेशी जास्तीच्या हुका बनवून रक्तात सोडते. त्याच अँटीबॉडी. तपशील पुढे बरेच चुकीचे निघाले, पण पेशीवरची खूण आणि तिला बसणारा जोडीदार हा गाभा टिकला. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफबरोबर वाटून मिळालं. मग जपानी सहकारी हाताबरोबर सिफिलिसवरचं ६०६ नंबरचं औषध. दिवसभर सिगार ओढायचा, ते मात्र घेऊ नका! १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, वारला.

गंमत बघा. फ्लोरेसिन हा चमकणारा रंग त्याने १८८२ मध्येच सशाच्या डोळ्यात वापरला होता. अँटीबॉडीचा विचारही त्याचाच. दोन्ही हातांत असून त्याने टाळी वाजवली नाही, कारण अँटीबॉडी हे प्रोटीन आहे हेच तेव्हा पक्कं नव्हतं. ते जोडकाम हार्वर्डच्या अल्बर्ट कून्सने १९४१-४२ च्या सुमारास केलं: अँटीबॉडीला चमकणारा रंग चिकटवला. पुढे स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्गच्या टीमने अशा रंगवलेल्या पेशी लेसरसमोरून एकेक करून पळवल्या आणि वेगळ्याही केल्या.

दादाच्या नमुन्यात तेच झालं. सीडी १९ ही बी-पेशींवरची खूण, सीडी ३ टी-पेशींवरची. कोणती अँटीबॉडी चमकली त्यावरून बिघडलेली पेशी कुठली ते कळलं, आणि कोणती औषधं द्यायची ते ठरलं.

दिवाळीत केमला गेले तेव्हा आत्याला हे सगळं समजावलं. ती म्हणाली काहीच नाही, चुन्याची डबी माझ्यापुढे सरकवली. दादा बाजूला बसून हसत होता. केस अजून बारीकच आहेत, पुढचा केमो सोमवारी होता.