हार्लेमचे प्राध्यापक लॉरेंट्झ

मंडळी, हार्लेमला आपण जातो ते बहुधा एप्रिलमधली फुलांची मिरवणूक बघायला. पुढच्या वेळी स्पार्ने नदीकाठच्या टायलर्स म्युझियममध्येही जरूर डोकवा. १७८४ साली उघडलेलं हे हॉलंडमधलं सर्वात जुनं संग्रहालय. १९१२ मध्ये लायडनची प्राध्यापकी सोडून नोबेल मिळालेले एक शास्त्रज्ञ इथल्या भौतिकशास्त्र विभागात आले. त्यांचं नाव हेन्ड्रिक लॉरेंट्झ.

जन्म १८५३, आर्नहेमचा. वयाच्या चोविसाव्या वर्षी लायडनला प्राध्यापक! १८९६ मध्ये त्यांचे विद्यार्थी पीटर झेमान यांना दिसलं की चुंबकाजवळ सोडियमच्या प्रकाशरेषा रुंदावतात. लॉरेंट्झ यांनी दोनच दिवसांत कारण सांगितलं: अणूच्या आत विद्युतभारित कण हलतात. इलेक्ट्रॉनची ही चाहूल होती. १९०२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांचा १९०६ चा निबंध महत्त्वाचा. प्रकाश वायूतून गेला की अणू त्यातले ठराविक रंग गिळतात आणि रंगपटात काळ्या रेषा उमटतात. वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या. पण वायू स्थिर असला तरी रेषेला थोडी रुंदी असतेच. अणूंच्या टकरींमुळे ती किती येते आणि रेषेचा आकार कसा होतो, हे लॉरेंट्झ यांनी गणिताने दाखवलं. मध्ये खोल आणि दोन्ही कडांना हळूहळू विरत जाणारा हा आकार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दूरच्या दीर्घिकांमधला वायू इतका विरळ की टकरी जवळजवळ नाहीतच. पण अणू ऊर्जा क्षणभरच धरून ठेवतो, त्यामुळेही तोच आकार येतो. मागच्या क्वेसारचा उजेड अशा दीर्घिकेतून आला की हायड्रोजनची काळी रेषा चांगलीच पसरते. ही सगळी रुंदी वायूच्या वेगाची मानली तर हिशेब साफ चुकेल! म्हणून पसरलेल्या कडांवरून हायड्रोजन किती ते काढतात आणि लोह, सिलिकॉन यांच्या बारीक रेषांवरून वायूची गती. पुण्याच्या आयुकामध्येही क्वेसारच्या उजेडातल्या अशा रेषांवर अनेक वर्षं काम झालं आहे.

हार्लेमला ते संशोधनाला निवांतपणा मिळावा म्हणून आले, आणि मिळाला तो समुद्र! १९१६ च्या महापुरानंतर झाउडरझे बंद करायचं ठरलं. बांध घातल्यावर बाहेर भरती किती चढेल? अंदाज कमी पडला असता तर फ्रीसलंडच्या किनाऱ्यावरची गावं धोक्यात आली असती. १९१८ ते १९२६, साठी उलटल्यावर, समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ही आकडेमोड केली. सोमवारी सकाळी लायडनला व्याख्यान चालूच होतं. मला स्वतःला त्यांचं हे काम नोबेलपेक्षा कमी वाटत नाही. बांध १९३२ मध्ये पुरा झाला आणि त्यांचे अंदाज बरेचसे खरे ठरले. ते बघायला ते नव्हते.

४ फेब्रुवारी १९२८ रोजी हार्लेममध्येच त्यांचं निधन झालं. अंत्यविधीच्या वेळी हॉलंडची तारसेवा तीन मिनिटं थांबवली होती. आइनस्टाईन आले होते. समाधी तिथल्याच क्लेव्हरलान दफनभूमीत आहे. आणि आफस्लाउटडाइकवरून फ्रीसलंडला गाडीने जाताना कोर्नवेर्डरझांडला जी जलद्वारं लागतात, त्यांना लॉरेंट्झ यांचंच नाव दिलेलं आहे.