गावाच्या हाती आरोग्य : डॉ. मेबल आरोळे यांचे जीवनकार्य

सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीड आणि आसपासच्या खेड्यांत गर्भवतीची नोंद घेण्यास अथवा बाळाच्या लसीची आठवण देण्यास जी घरी येते, तिला आपण आशाताई म्हणतो. ही आशा योजना शासनाने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून सुरू केली. परंतु गावातल्याच स्त्रीला आरोग्यसेविका करण्याचा धडा महाराष्ट्रात त्याच्या तीन दशके आधी गिरविला गेला होता. तो गिरविणाऱ्या डॉ. मेबल आरोळे यांची ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्हांस वाटते.

मेबलबाईंचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी जबलपूर येथे एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वडील ईशज्ञानाचे प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. तेथेच त्यांची भेट अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे सुपुत्र रजनीकांत आरोळे यांच्याशी झाली. १९६० साली विवाहबद्ध होताना उभयतांनी आयुष्य खेड्यांतील गोरगरिबांसाठी वाहण्याचा संकल्प केला.

त्याच जिल्ह्यातील वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम करताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. बरा होऊन गेलेला रुग्ण काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई. दूषित पाणी, उपासमार आणि अज्ञान यांवर रुग्णालयात औषध नव्हते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते दोघे परतले आणि १९७० साली दुष्काळी जामखेड तालुक्यात त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रारंभी त्यांनी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवून पाहिल्या. तो प्रयोग फसला. शिकलेल्या मुली परक्या गावी एकट्या राहण्यास नाखूश होत्या. मग गावानेच आपली एक बाई निवडावी, असे ठरले. निवडून आलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातील होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकलेले घोकीत आणि गावी जाऊन सांगत. सुरक्षित बाळंतपण, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाची व क्षयाची लक्षणे हे सारे विषय त्यांत होते. या शिक्षणात मेबलबाईंचा वाटा फार मोठा होता. ज्यांना कोणी घरात घेत नसे, त्यांच्यापाशी सल्ला मागण्यास गावातील प्रतिष्ठित घरे येऊ लागली. त्या दुष्काळात हातपंप बसविण्याची जागा मुद्दाम दलित वस्तीत निवडली गेली, म्हणून पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे यावे लागले. प्रवचनांनी जे साधत नाही ते पंपाने साधले, हे आम्ही धर्मगुरू असूनही कबूल करतो.

डॉक्टर मंडळींना हे सहजी पटले नाही. निरक्षर बाईच्या हाती औषध द्यायचे म्हणजे धाडसच. परंतु प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात वीसच्या आसपास आला. दरम्यान १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ग्रंथात जामखेडचा वृत्तांत घेतला होता, आणि तीन वर्षांनी आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला.

१९७९ साली पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० साली पद्मभूषण मिळाले. मेबलबाईंनी युनिसेफसाठी दक्षिण आशियात सल्लागार म्हणूनही काम केले. सप्टेंबर १९९९ मध्ये त्या देवाघरी गेल्या. रजनीकांतजी २०११ साली निवर्तले.

आपल्याकडे आरोग्यसेवेचा विषय निघाला की प्रथम इमारतीचा आराखडा पुढे येतो, आणि आम्हीही त्याला अपवाद नाही. रुग्णालय जामखेडलाही आहे आणि ते हवेच. मात्र तेथे देशोदेशीचे डॉक्टर शिकावयास येतात, तेव्हा त्यांच्यासमोर शिक्षिका म्हणून बसतात त्या गावच्या आरोग्यसेविका.