ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. पोळा अमावास्येचा. ही अमावास्या आपण मराठी माणसे श्रावणातली मानतो. पांढुर्णा-सौसर भागातील आपले हिंदी भाषक शेजारी तिलाच भाद्रपदातली म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. महिन्याची नावे दोन असली तरी आकाशातला चंद्र एकच आहे. भिंतीवरच्या पंचांगातील तिथी त्या चंद्राशी जुळली पाहिजे, हा साधा आग्रह धरून ज्यांनी आपले सारे आयुष्य गणितात वेचले, त्या ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांचे स्मरण शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या या स्मृतिग्रंथात करणे उचित ठरेल.

केतकरांचा जन्म जानेवारी 1854 मध्ये नरगुंद येथे झाला. वडील ज्योतिषशास्त्राचे जाणकार असल्याने ग्रहगणिताचे संस्कार त्यांच्यावर घरातच झाले. ऐन विशीत त्यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षकाची नोकरी पत्करली आणि पुढे ते बागलकोट येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांच्यापाशी ना मोठी वेधशाळा होती, ना सरकारी अनुदान, ना गणिती सहायकांचा ताफा. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात ग्रहगणित, असा त्यांचा जीवनक्रम होता. संस्कृत सिद्धान्तग्रंथ आणि पाश्चात्त्य ज्योतिषांची अद्ययावत कोष्टके यांचा त्यांनी सारख्याच निष्ठेने अभ्यास केला. कोणत्याही एका परंपरेचा अभिमान त्यांच्या गणिताच्या आड आला नाही.

त्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून तयार होत. शके 1442 मधील तो ग्रंथ सुबोध होता, परंतु मधल्या शतकांत त्यातील ग्रहस्थिती आणि आकाशातील ग्रहस्थिती यांत अंतर पडत गेले होते. शिवाय चंद्राची गती अत्यंत गुंतागुंतीची आहे. जुन्या गणितात तिच्या एकाच मुख्य विषमतेचा विचार असल्याने अमावास्या-पौर्णिमेला फरक थोडा दिसे, पण अष्टमीच्या सुमारास तिथीची वेळ काही तासांनी चुके. केरोपंत छत्रे यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून सुधारणेची वाट दाखविली होती. केतकरांनी त्या वाटेवर पुढचे दमदार पाऊल टाकले. त्यांच्या ‘ज्योतिर्गणितम्’ या संस्कृत ग्रंथाने आधुनिक गणिताची सूक्ष्मता भारतीय पंचांगकर्त्यांच्या हाती, त्यांना परिचित अशा परिभाषेत आणून दिली. ‘केतकी ग्रहगणितम्’ आणि ‘वैजयंती’ हे ग्रंथही याच ध्येयातून जन्मले. मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिले.

हे कार्य निर्विघ्न नव्हते. तिथी साठ घटिकांहून फार तर पाच घटिकांनी वाढावी आणि सहा घटिकांनी घटावी, असा परंपरेचा दंडक होता. सूक्ष्म गणिताने काढलेली तिथी ही मर्यादा ओलांडते, म्हणून ती धर्मकृत्याला चालणार नाही, असे सनातनी पक्षाचे म्हणणे होते. सुधारकांतही एकमत नव्हते. राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा, हा वादाचा खरा मुद्दा होता. केरोपंत आणि लोकमान्य टिळक यांनी रेवती नक्षत्रातील तारा प्रमाण मानला. केतकरांनी मात्र तेजस्वी चित्रा तारा आधाराला घेतला आणि तिच्या समोरचा बिंदू हा आरंभ मानावा, असे प्रतिपादिले. समोर लोकमान्यांसारखा लोकोत्तर पुरुष असतानाही या शाळामास्तरांनी आपला पक्ष सोडला नाही. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955 मध्ये अहवाल दिला आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिच्या निरयन गणितासाठी चित्रापक्षाशी जुळणारे अयनांश स्वीकारले गेले. तो निर्णय पाहायला केतकर हयात नव्हते.

परंतु त्यांची दृष्टी पंचांगापुरती मर्यादित नव्हती. मे 1911 मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाला जी परस्परसंबंधांची सुसंगती आढळली होती, तिचा धागा धरून केतकरांनी नेपच्यूनच्या पलीकडील ग्रहाचे भाकीत केले. सूर्यापासून त्याचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या 38.95 पट आणि त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे 242 वर्षे असावा, असे त्यांचे गणित होते. त्यांनी त्याला ब्रह्मा हे नाव सुचविले. पुढे 18 फेब्रुवारी 1930 रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे 39.5 पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे 248 वर्षे निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विजापूर येथे केतकरांचे देहावसान झाले.

या भाकिताचे मोल करताना भक्तिभावाने वाहून जाणे बरे नव्हे. तसे करणे हा केतकरांच्याच सत्यनिष्ठेचा अवमान ठरेल. दुर्बिणीत केवळ एक ठिपका दिसणाऱ्या प्लूटोचे स्वरूप हळूहळू उलगडत गेले. 1978 मध्ये त्याचा शॅरन हा उपग्रह सापडला आणि प्लूटोचे वस्तुमान फारच अल्प असल्याचे निश्चित झाले. एप्रिल 1990 मध्ये हबल ही अवकाश दुर्बीण वातावरणाबाहेर कक्षेत स्थिरावली. तिने 1994 मध्ये प्लूटोच्या पृष्ठभागावरील उजळ आणि काळसर पट्टे टिपले. 2005 मध्ये निक्स व हायड्रा, 2011 मध्ये कर्बेरॉस आणि 2012 मध्ये स्टिक्स असे आणखी चार उपग्रह तिच्या छायाचित्रांत आढळले. 2006 मध्ये प्लूटोची गणना खुज्या ग्रहांत झाली आणि जुलै 2015 मध्ये न्यू होरायझन्स हे यान त्याच्याजवळून गेले. एवढ्या लहान पिंडाच्या ओढीने युरेनस-नेपच्यूनच्या गतीत जाणवण्याजोगा फरक पडू शकत नाही. तसा फरक गृहीत धरून लॉवेल यांनी केलेले भाकीत योगायोगानेच जुळले, असे आज मानले जाते.

केतकरांचा मार्ग मात्र वेगळा होता. त्यांनी शोधली ती गतींमधील सुसंगती. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात, ही सुसंगती आज सर्वमान्य आहे. त्यांच्या आकड्यांच्या जुळणीत योगायोगाचा वाटा नाकारता येणार नाही. परंतु कोणता प्रश्न विचारावा, हे त्यांना नेमके उमगले होते.

आज अवकाशातील दुर्बीण जे डोळ्यांना दाखविते, त्याचा मागोवा एका आडगावच्या शिक्षकाने कागद, लेखणी आणि ग्रंथ यांच्या बळावर घेतला. महानगरांपासून दूर असलेल्या पांढुर्णा-सौसरसारख्या गावांना यात मोठा दिलासा आहे. ज्ञान राजधानीतच जन्मते असे नाही. जेथे ग्रंथ पोहोचतो आणि तो चिकाटीने वाचणारा कोणी असतो, तेथे ते जन्मू शकते. पोळ्याच्या आदल्या पहाटे चंद्राची शेवटची बारीक कोर पूर्वेला दिसली, तर आपल्या पंचांगातील तिथीमागे केतकरांचे रात्रंदिवसाचे श्रम आहेत, याची आठवण नव्या वाचकांनी ठेवावी.