हाराल्ड बोहर यांचें चरित्र

डेन्मार्क देशाच्या कोपनहेगन या राजधानींत इ. स. १८८७ सालीं हाराल्ड बोहर यांचा जन्म झाला. पिता शरीरशास्त्राचे प्राध्यापक. माता यहूदी घराण्यांतील. हा मातृवंशच पुढें त्यांच्यावर संकट आणणार होता. पदार्थविज्ञानाचे प्रख्यात पंडित नील्स बोहर हे त्यांचे थोरले बंधु.

दोघां भावांस फुटबॉलची मोठी आवड होती. नील्स गोलरक्षक असत. पण या खेळांत धाकट्यानेंच थोरल्यास मागें टाकलें. इ. स. १९०८ च्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत हाराल्ड देशाच्या संघांत खेळले व पहिल्याच सामन्यांत त्यांनीं दोन गोल केले. पुढें फ्रान्सवर १७ विरुद्ध १ असा जय मिळाला. अखेरीस इंग्रजांकडून हार खाऊन संघास रौप्यपदक मिळालें. दोन वर्षांनीं डॉक्टर पदवीसाठीं त्यांची जाहीर परीक्षा झाली, तेव्हां सभागृहांत गणितज्ञांपेक्षां फुटबॉलचे चाहतेच अधिक होते असें सांगतात. बिचाऱ्यांस त्यांतलें किती कळलें असेल!

त्यांचें मुख्य गणित समजण्यास एक दृष्टांत घ्या. दोन बैलांच्या गळ्यांतील घंटा निरनिराळ्या तालांवर वाजत आहेत. त्यांचा मेळ तंतोतंत पुन्हां जमेलच असें नाहीं. तथापि काहीं वेळानें तो जवळजवळ जमतो. अशा जवळजवळ पुनरावृत्तीचें शास्त्र बोहर यांनीं रचलें.

इ. स. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरचा अंमल सुरू होऊन यहूदी प्राध्यापकांस काढून टाकण्यांत आलें. बोहर स्वस्थ बसले नाहींत. ते स्वतः जर्मनींत गेले, कोणावर काय प्रसंग आला आहे हें त्यांनीं पाहिलें, आणि परदेशांतील मित्रांच्या साह्यानें निराश्रितांस जागा मिळवून दिल्या. वेर्नर फेन्शेल यांस तर कोपनहेगनमध्येंच आसरा मिळाला. गणितही वंशावंशांप्रमाणें भिन्न असतें, असें बर्लिनच्या बीबरबाख नामक प्राध्यापकानें प्रतिपादिलें, तेव्हां इ. स. १९३४ सालीं बोहर यांनीं वर्तमानपत्रांतून त्याचा उघड निषेध केला.

आश्रयदात्यावरच आश्रय मागण्याची पाळी आली. इ. स. १९४० सालीं जर्मन सैन्यानें डेन्मार्क व्यापलें, आणि १९४३ च्या ऑक्टोबरांत यहूद्यांची धरपकड सुरू झाली. सुमारें ७,००० जीव कोळ्यांच्या होड्यांतून व इतर नौकांतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनांत पोंचले. बोहरही तिकडेच गेले.

युद्ध संपल्यावर ते परतले. इ. स. १९५० सालीं अमेरिकेंतील गणितज्ञांच्या परिषदेंत दोघां तरुण पदकविजेत्यांच्या कार्याची ओळख त्यांनींच करून दिली. पुढच्या जानेवारींत ते कोपनहेगन येथें वारले.