सूर्याला घरात बोलावणारी मारिया

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत सौर चुलीचा विषय निघाला. आमच्या गच्चीवर सासूबाईंच्या वेळची एक पेटी आहे. आत काळे डबे, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. मार्च-एप्रिलच्या उन्हात तिच्यात वरण-भात छान होतो, शेंगदाणेही खमंग भाजले जातात. पण ढग आले की गॅसच पेटवावा लागतो! गटातल्या एका ताईंचं म्हणणं पडलं, की असल्या अर्ध्याकच्च्या वस्तूंवर सरकारने पैसा घालवूच नये. आधी वस्तू धड चालू दे, मग अनुदान द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. क्षणभर मलाही पटलं. पण घरी येताना मला मारिया तेल्केश आठवली. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या आयुष्यातच दडलेलं आहे.

मारियाचा जन्म १२ डिसेंबर १९०० रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट इथे झाला. मुलींनी फार शिकू नये असं मानणारा तो काळ. पण ही मुलगी रसायनशास्त्र शिकली आणि १९२४ मध्ये तिने डॉक्टरेटही मिळवली. त्यानंतर ती अमेरिकेत नातेवाइकांकडे गेली आणि तिथलीच झाली. आधी क्लीव्हलंड शहरातल्या एका वैद्यकीय संस्थेत आणि मग वेस्टिंगहाउस कंपनीत तिने काम केलं. १९३७ मध्ये तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. सूर्याचं ऊन सगळ्यांना फुकट मिळतं, मग ते साठवून का ठेवता येऊ नये, या एका विचाराने मात्र तिला झपाटलं होतं.

त्याच सुमारास एक संधी चालून आली. गॉडफ्रे कॅबट नावाच्या एका धनवंताने सौरऊर्जेच्या संशोधनासाठी एमआयटी या बोस्टनजवळच्या नामवंत तंत्रशिक्षण संस्थेला मोठी देणगी दिली. तिथल्या सौर प्रकल्पात मारिया दाखल झाली. तिथे बहुतेक सगळे पुरुषच होते. हॉयट हॉटेल हे प्राध्यापक प्रकल्पाचे प्रमुख होते.

इतक्यात दुसरं महायुद्ध पेटलं. बोट बुडाली किंवा विमान पडलं, की वाचलेले सैनिक रबरी तराफ्यावर समुद्रात तरंगत राहत. चहूकडे पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नाही! सरकारने युद्धासाठी संशोधन करणारं खास कार्यालय उघडलं होतं. त्या कामात मारियाने एक साधं यंत्र तयार केलं. फुग्यासारखं फुगवायचं, पारदर्शक आणि घडी घालून ठेवता येणारं. उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ होणार, ती थंड होऊन गोडं पाणी जमा होणार. भातावरच्या झाकणाला पाणी सुटतं ना, अगदी तसंच. बघा, सरकारला गरज वाटली तेव्हा पैसाही आला, माणसंही आली आणि वस्तूही घडली. या कामाबद्दल सरकारने १९४५ मध्ये तिचा गौरव केला.

युद्ध संपलं. आता मारियाला हवं होतं उन्हावर उबदार राहणारं घर. बोस्टनकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. घर तापवायला कोळसा नाहीतर तेल जाळावंच लागतं. दिवसाची ऊब रात्रीसाठी साठवायची तरी कशात? मारियाने निवडलं ग्लॉबर सॉल्ट. पूर्वी जुलाबाचं औषध म्हणून वापरायचे ते स्वस्त मीठ. थंडीत आपलं खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि उन्हात ठेवलं की वितळतं. वितळताना ते उष्णता पोटात घेतं आणि थिजताना परत देतं. हे मीठही साधारण ३२ अंशांवर वितळतं आणि तेवढ्याच वजनाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतं.

संस्थेत मात्र तिचं आणि प्रमुखांचं जमेना. या मिठाचा आधीचा एक प्रयोग फसला आणि दोष तिच्या माथी आला. तिला सौर प्रकल्पातून काढून धातुशास्त्र विभागात टाकलं गेलं. पण बाई गप्प बसणारी नव्हती! अमेलिया पीबॉडी या श्रीमंत शिल्पकार बाईंनी स्वतःच्या पदरचे सुमारे २०,००० डॉलर घातले. एलेनॉर रेमंड या वास्तुविशारद बाईंनी घराचा आराखडा केला. १९४८ मध्ये डोव्हर या गावी तीन बायकांच्या हिकमतीतून सूर्यघर उभं राहिलं. वरच्या मजल्यावर दक्षिणेकडे तोंड केलेल्या काचांची लांबलचक रांग. काचांमागे तापलेली हवा पंख्याने भिंतींमधल्या मिठाच्या डब्यांकडे जायची आणि रात्री तीच ऊब खोल्यांत यायची. जवळजवळ २१ टन मीठ होतं त्या घरात! त्या नाताळच्या सुमारास मारियाच्या चुलतभावाचं कुटुंब लहान मुलासकट तिथे राहायला गेलं. घर बघायला लोकांची रीघ लागली. वर्तमानपत्रांनी तिला सूर्यराणी म्हणायला सुरुवात केली.

पहिले दोन हिवाळे बरे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र मीठ रुसलं. पुन्हा पुन्हा वितळून-थिजून त्याचे थर पडले, खाली घट्ट आणि वर पातळ. डबे गंजून गळायला लागले. शेवटी त्या घरात तेलाची भट्टी बसवावी लागली.

आता खरं तर काय व्हायला हवं होतं? मिठात काय मिसळलं तर थर पडणार नाहीत, कुठल्या धातूचे डबे टिकतील, हे शोधायला आणखी काही वर्षं आणि आणखी पैसा हवा होता. आपला पहिला लाडू तरी कुठे नीट वळला जातो? पण पीबॉडीबाईंची देणगी एका घरापुरती होती. दात्याची ओंजळ कितीही मोठी असली तरी ती ओंजळच.

मग सरकार कुठे होतं? ही गोष्ट ऐकून मला फार चुटपुट लागली. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने सांगितलं होतं, की सौरऊर्जेच्या संशोधनाकडे नेटाने लक्ष दिलं पाहिजे. १९७५ पर्यंत १ कोटी ३० लाख घरं उन्हावर तापवता येतील, असा त्याचा अंदाज होता. पण लगेच सरकार बदललं. १९५३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी शांततेसाठी अणुशक्तीची हाक दिली आणि सरकारी तिजोरी अणुऊर्जेसाठी मोकळी झाली. तेलही स्वस्तच होतं. सूर्य राहिला बाहेर ताटकळत. आणि त्याच १९५३ मध्ये मारियाला एमआयटी सोडावी लागली.

रडत बसेल तर ती मारिया कसली? न्यूयॉर्क विद्यापीठात जाऊन तिने सौरऊर्जेची प्रयोगशाळा सुरू केली. फोर्ड फाउंडेशनने तिला ४५,००० डॉलर दिले ते सौर चुलीसाठी. जळणासाठी वणवण करणाऱ्या गरीब देशांतल्या बायका तिच्या डोळ्यांसमोर होत्या. चूल स्वस्त हवी, हाताळायला सोपी हवी आणि शेजारी मूल खेळत असलं तरी धोका नको, हा तिचा आग्रह. तिने केलेली आरशांची पेटी पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापायची. आपल्या गच्चीवरची पेटी तिचीच बहीण म्हणायची!

पुढे तिने खासगी कंपन्यांत नोकऱ्या केल्या, अवकाशयान आणि पाणबुडीच्या नाजूक उपकरणांना जपणारे पदार्थ शोधले. १९६९ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, ती डेलावेअर विद्यापीठात गेली. तिथे १९७३ मध्ये सोलर वन हे घर उभं राहिलं. उन्हापासून ऊबही आणि वीजही! त्यातल्या उष्णता साठवण्याच्या कामात मारिया होती, आणि साठवणीला पुन्हा मीठच होतं, नव्याने सुधारलेलं.

त्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि अमेरिकन सरकार खडबडून जागं झालं. १९७४ मध्ये सौर संशोधनाचा कायदा झाला. १९७७ मध्ये वेगळं ऊर्जा खातं निघालं आणि सौर संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारे सौर पत्रे बसवले. तिजोरी उघडली खरी, पण मारिया तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती! आणि हा उत्साहही टिकला नाही. तेल पुन्हा स्वस्त झालं, रेगन सरकारने सौर संशोधनाचा निधी छाटला आणि १९८६ मध्ये ते पत्रेही खाली उतरले.

मारियाने लग्न केलं नाही. सूर्याशीच तिचा संसार होता. वीसेक पेटंट तिच्या नावावर जमा झाली. १९९५ मध्ये, कित्येक दशकांनी ती मायदेशी गेली आणि २ डिसेंबरला बुडापेस्टमध्येच तिने डोळे मिटले. पंचाण्णवावा वाढदिवस दहा दिवसांवर होता. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात तिचं नाव कोरलं गेलं. तिच्या मिठासारखे वितळून ऊब धरणारे पदार्थ आज इमारतींपासून लस नेणाऱ्या पेट्यांपर्यंत वापरले जातात.

म्हणून पुढच्या बैठकीत मी त्या ताईंना मारियाची गोष्ट सांगणार आहे. सरकारी पैसा तुमच्या-आमच्या घामाचा, त्याचा हिशेब मागायलाच हवा. पण वस्तू धड चालू लागेपर्यंत थांबून चालत नाही. ती धड चालावी म्हणूनच तर सुरुवातीला आधार लागतो. युद्ध आलं की पैसा, तेल संपलं की पैसा आणि संकट टळलं की हात वर, असं करून नवी गोष्ट रुजत नाही. रोप लावून एक उन्हाळा पाणी घातलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात विसरलो, तर दोष रोपाचा कसा?

आपल्याकडेही १९८० च्या दशकात सौर चुलीला सरकारी अनुदान होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या पॅनेलसाठी ७८,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली. तुमच्या गावात अशी योजना आली, तर ग्रामसभेत, पालिकेत जरूर विचारा. किती बसवले, एवढ्यावर थांबू नका. बिघडलेले दुरुस्त कोण करणार, आणि बिघाडातून शिकायला पैसा ठेवला आहे का, हेही विचारा. मारियाला हा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नाही. आपण तरी विचारूया ना!