फिनिअस गेज : सांता क्लाराच्या शेतावरचा मजूर

आज संगणक कंपन्यांमुळे जगभर ओळखला जाणारा सांता क्लारा परगणा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेतीचा मुलूख होता. क्युपर्टिनो शहराचा तेव्हा पत्ताही नव्हता. १८५९-६० च्या सुमारास सांता क्लारा येथील एका शेतकऱ्याकडे डाव्या डोळ्याने अंध असलेला एक मजूर कामास होता. मेंदूची रचना आणि मनावरचा ताबा यांचा संबंध ज्याच्या आयुष्यामुळे वैद्यकशास्त्रापुढे ठळकपणे आला, तो फिनिअस गेज हाच.

गेजचा जन्म १८२३ साली न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. पंचविशीतच तो लोहमार्गाच्या कामावर मुकादम झाला. कामात चोख, व्यवहारात दक्ष आणि हाती घेतलेले तडीस नेणारा, असा त्याचा लौकिक होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँटमधील कॅव्हेंडिशजवळ खडकात सुरुंग ठासताना दारूने अवचित पेट घेतला. ३ फूट ७ इंच लांबीची, सुमारे सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून मस्तकातून आरपार गेली. काही मिनिटांतच गेज बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी परतला. डॉ. जॉन हार्लो यांनी त्याची शुश्रूषा केली. जखम चिघळली, जीव टांगणीला लागला. पण सुमारे दहा आठवड्यांत तो आपल्या घरी पोहोचला.

शरीर सावरले, स्वभाव मात्र पालटला होता. हार्लो यांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार तो उतावळा, शिवराळ आणि हेकट झाला. एकामागून एक बेत आखावेत आणि अर्ध्यावर सोडावेत, अशी त्याची रीत झाली. ज्या कंत्राटदारांचा तो आवडता मुकादम होता, त्यांनीच त्याला परत घेण्याचे नाकारले.

पुढची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. भाड्याच्या घोड्यांच्या तबेल्यात काम केल्यावर १८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि कित्येक वर्षे वाल्पाराइसो परिसरात सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत राहिला. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, जनावरांवर सतत नजर आणि उतारूंशी सबुरीने वागणे, हे सारे त्या कामात अटळ होते. ऑस्ट्रेलियन संशोधक माल्कम मॅकमिलन यांच्या मते या बांधीव दिनक्रमानेच गेजला बऱ्याच अंशी सावरले असावे.

प्रकृती ढासळल्यावर १८५९ मध्ये तो आई आणि बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोस आला. थोडे बरे वाटताच तो सांता क्लारा येथे शेतकामाला लागला. फेब्रुवारी १८६० मध्ये अपस्माराचे झटके सुरू झाले आणि २१ मे रोजी वयाच्या ३६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

गेजला अवधान-न्यूनतेचा विकार, म्हणजे एडीएचडी, नव्हता. त्याची इजा अपघाती होती. तरीही उर्मी आवरणे, पुढचा विचार करणे आणि बेत तडीस नेणे या कामांत कपाळामागील अग्रखंडाचा वाटा मोठा असतो, हे त्याच्या उदाहरणाने सुचवले. एडीएचडीमध्ये तेथे जखम नसते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या विकाराच्या मुलांमध्ये मेंदूच्या बाह्यावरणाची वाढ सरासरी तीन वर्षे मागे असल्याचे, पण तिचा क्रम नेहमीचाच असल्याचे आढळले. अनेकांमध्ये लक्षणे प्रौढपणीही टिकतात. मेंदूतील फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एकट्या माणसाचे निदान केवळ एमआरआयवरून होत नाही.

स्वभावाला औषध नाही, असे आपण सहज म्हणून जातो. वेंधळा, आळशी, बेजबाबदार ही विशेषणे अशा माणसाला घरातच चिकटतात आणि चाळिशीतही सुटत नाहीत. वास्तविक औषधे, समुपदेशन आणि आखीव दिनक्रम यांनी अनेकांना आधार मिळतो. गेजला यांपैकी फक्त शेवटचाच लाभला, तोही योगायोगाने.

क्युपर्टिनोहून २८० महामार्गाने उत्तरेकडे जाताना लागणाऱ्या कोल्मा गावातील सायप्रेस लॉन दफनभूमीत त्याचे अवशेष विसावले आहेत. कवटी आणि पहार मात्र हार्वर्डच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.