अण्वस्त्रांच्या जरबेचा सेनापती

अमेरिकेचे चौतिसावे अध्यक्ष ड्वाइट डेव्हिड आयसेनहॉवर यांचे नाव जगाला ठाऊक आहे ते नॉर्मंडीच्या स्वारीमुळे. परंतु त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत दूरगामी परिणाम झाला तो अमेरिकेच्या अण्वस्त्रधोरणावर. अण्वस्त्रांच्या जरबेवर देशाचे संरक्षण उभे करणारे तेच, आणि ती अस्त्रे वापरता येण्याजोगी नाहीत, हे कळून चुकलेलेही तेच.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधील डेनिसन येथे त्यांचा जन्म झाला. बालपण कॅन्सस राज्यातील ॲबिलीन या गावी बेताच्या परिस्थितीत गेले. आई धर्मनिष्ठ आणि युद्धाची विरोधक होती; मुलगा मात्र वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाला आणि १९१५ मध्ये तेथून अधिकारी होऊन बाहेर पडला. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्या त्याच्याच आज्ञेने. जुलै १९४५ मध्ये जपानवर अणुबॉम्ब टाकण्याचा बेत युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्याकडून कळला, तेव्हा आपण नापसंती दर्शविली होती, असे आयसेनहॉवर यांनी पुढे आठवणींत नमूद केले. या दाव्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

१९५१ मध्ये ते नाटोच्या युरोपातील फौजांचे पहिले सरसेनापती झाले. अवाढव्य सोव्हिएत सैन्यापुढे पाश्चात्त्य राष्ट्रांचे पायदळ किती तोकडे आहे, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. २० जानेवारी १९५३ रोजी त्यांनी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा कोरियात युद्ध चालू होते आणि संरक्षणखर्चाचा बोजा वाढत होता. त्याआधी जेमतेम तीन महिने, १ नोव्हेंबर १९५२ रोजी, अमेरिकेने पॅसिफिक महासागरात पहिला हायड्रोजन स्फोट घडविला होता. त्याची शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे सातशे पट होती.

रिकामी तिजोरी देशाला शत्रूइतकीच घातक ठरेल, अशी आयसेनहॉवर यांची धारणा होती. पायदळ पोसण्यापेक्षा बॉम्ब स्वस्त पडतो, हा हिशेब त्यातून पुढे आला. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांनी नव्या संरक्षणधोरणाला संमती दिली. युद्ध पेटल्यास अण्वस्त्रेही इतर शस्त्रांप्रमाणेच वापरावयाची, असे त्यात नमूद होते. जानेवारी १९५४ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी न्यूयॉर्क येथे ते जाहीरपणे मांडले. शत्रूने आगळीक केल्यास अमेरिका आपल्या सोयीच्या ठिकाणी आणि आपल्या पद्धतीने जबर तडाखा देईल, असा त्याचा आशय होता. ‘प्रचंड प्रत्याघाता’चे धोरण म्हणून ते ओळखले जाऊ लागले. पायदळाला कात्री लागली. लष्करप्रमुख मॅथ्यू रिजवे आणि त्यांच्यानंतरचे मॅक्सवेल टेलर यांनी त्याला विरोध केला. लहानसहान संघर्षात हायड्रोजन बॉम्बची धमकी कोण खरी मानणार, असा त्यांचा सवाल होता.

याच काळात, ८ डिसेंबर १९५३ रोजी, आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शांततेसाठी अणुशक्तीची योजना मांडली. तिच्या प्रेरणेने ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. मुंबईजवळ तुर्भे येथे कॅनडाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या अणुभट्टीसाठी अमेरिकेने जड पाणी पुरविले. भारताच्या १९७४ च्या पोखरण चाचणीतील प्लुटोनियम याच भट्टीतून आले. शांततेसाठी दिलेल्या अणुशक्तीतून अस्त्राची वाट कशी निघते, याचे ते उदाहरण ठरले.

धमकी आणि प्रत्यक्ष कृती यांतील अंतर लवकरच दिसू लागले. १९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंच फौज वेढली गेली, तेव्हा हस्तक्षेपाचा आग्रह होऊनही आयसेनहॉवर यांनी तो टाळला. १९५५ मध्ये तैवानलगतच्या बेटांवरून चीनशी तणाव वाढला असता त्यांनी अण्वस्त्रवापराची उघड भाषा केली. बॉम्ब मात्र पडला नाही. जानेवारी १९५६ मध्ये सर्वंकष अणुयुद्धाचा गोपनीय अंदाज त्यांच्यापुढे आला. अमेरिकेच्या सुमारे ६५ टक्के लोकसंख्येला वैद्यकीय मदतीची गरज भासेल आणि बहुतेकांना ती मिळणारच नाही, याची नोंद त्यांनी स्वतःच्या दैनंदिनीत केली. अशा युद्धात विजय या शब्दाला अर्थ उरत नाही, हे त्यांना उमगले होते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ अवकाशात सोडला आणि अमेरिकेत घबराट पसरली. क्षेपणास्त्रांत देश मागे पडल्याची ओरड झाली. यू-२ विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांमुळे ही भीती फुगविलेली आहे, हे आयसेनहॉवर यांना बऱ्याच अंशी माहीत होते. पण ते गुपित उघड करता येत नव्हते. देशभर आश्रयस्थाने बांधण्याची खर्चिक शिफारस त्यांनी बाजूला ठेवली. १९५८ च्या अखेरीस अणुचाचण्या स्थगित केल्या. पुढचे पाऊल म्हणजे पॅरिसची शिखर परिषद; परंतु १ मे १९६० रोजी सोव्हिएत प्रदेशात यू-२ विमान पाडले गेले आणि ती परिषद उधळली.

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, त्यांनी विज्ञान सल्लागार जॉर्ज किस्तियाकोव्स्की यांना ओमाहा येथील हवाई दलाच्या मुख्यालयात युद्धयोजना तपासण्यासाठी धाडले. एकेका लक्ष्यावर अनेक बॉम्ब, आणि युद्धात चीनचा संबंध नसला तरी त्याच्यावरही हल्ला, असा तो आराखडा होता. अहवाल ऐकून आयसेनहॉवर हादरले. तरीही डिसेंबरमध्ये तीच योजना संमत झाली. सूत्रे स्वीकारली तेव्हा हजाराच्या आसपास असलेली अण्वस्त्रे १९६० मध्ये अठरा हजारांच्या पुढे गेली होती. १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात त्यांनी लष्कर आणि शस्त्रोद्योग यांच्या वाढत्या प्रभावाविषयी देशाला सावध केले; तो प्रभाव त्यांच्याच कारकिर्दीत फोफावला होता.

पुढे जॉन केनेडी यांनी ‘प्रचंड प्रत्याघात’ सोडून ‘लवचीक प्रतिसादा’चे धोरण स्वीकारले आणि १९६७ मध्ये नाटोनेही ते मान्य केले. संघर्षाच्या स्वरूपाप्रमाणे उत्तर द्यावे, असे त्याचे सूत्र होते. म्हणजे रिजवे आणि टेलर यांचा आक्षेप अखेर मान्य झाला. अस्त्रे मात्र कमी झाली नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकेचा साठा ३१ हजारांवर पोहोचला. २८ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टन येथे आयसेनहॉवर यांचे निधन झाले. ॲबिलीनच्या मातीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. आठ वर्षे हाती असूनही त्यांनी एकही अण्वस्त्र युद्धात वापरले नाही, हे श्रेय त्यांचेच. मात्र ज्या धाकावर ही शांतता टिकली, त्याचे ओझे त्यांनी पुढच्या प्रत्येक अध्यक्षाच्या खांद्यावर ठेवले.